आवर्तन-यंत्रास जुळणारें कार्ड



स्वतंत्र तबलावादन आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. तबलजी कायदा मांडतो, त्याचे पलटे करतो, रेल्यावर जातो. आणि त्याच्या शेजारीं बसलेला पेटीवाला किंवा सारंगिया मात्र एकच लहानशी सुरावट अर्धा-अर्धा तास घोळवीत असतो. तिला आपण लेहरा म्हणतों. सोळा मात्रा भरल्या कीं सम, आणि समेवर पुन्हां तीच सुरावट. या मनुष्याकडे श्रोत्यांचें लक्ष क्वचितच जातें. पण त्याची एक मात्रा चुकली तर तबलजीचा सारा डोलारा कोसळतो. लेहरेवाल्याच्या या कामासारखेंच काम करणारें एक यंत्र पाश्चात्य वादकांच्या हातीं आलेलें आहे. त्याचें नांव लूपर. मी त्याला आवर्तन-यंत्र म्हणेन. आजचें माझें भाषण त्या यंत्राविषयीं आहे. पण त्याहूनहि अधिक तें त्याच्या पोटांत बसणाऱ्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या एका वस्तूविषयीं आहे. यंत्र धडधाकट असून केवळ ही वस्तु न जुळल्यामुळें तें मुकें होऊन बसलें, असे अनुभव वादकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतात.

लूपर बहुधा जमिनीवर ठेवलेला असतो व पायानें चालवावयाचा असतो. कारण वादकाचे दोन्ही हात वाद्यांत गुंतलेले असतात. वादक पायानें कळ दाबतो आणि चार-आठ मात्रांचा एक तुकडा वाजवितो. पुन्हां कळ दाबतांच तोच तुकडा यंत्रांतून आपोआप फिरूं लागतो. आतां हात मोकळे झाले. त्या फिरत्या तुकड्यावर तो दुसरी सुरावट चढवितो, तिच्यावर तिसरी. आणि एकटा गिटारवाला पाहतां पाहतां चौघांचा मेळ होऊन बसतो. यंत्राला राग कळत नाहीं, रस कळत नाहीं. त्याला फक्त स्मरतें. म्हणून या यंत्राचा सारा प्रश्न शेवटीं स्मृतीचा प्रश्न आहे.

या कल्पनेच्या आरंभींचा एक प्रसिद्ध प्रयोग नभोवाणींतच झाला, हें नभोवाणीवरून सांगतांना मला विशेष आनंद वाटतो. ध्वनिमुद्रिकेवरील रेषा बाहेरून आंत गिरकी घेत जाते, हें आपणांस ठाऊक आहे. १९४८ सालीं पॅरिसच्या नभोवाणींत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनीं ही रेषा स्वतःलाच मिळवून तिचें बंद वर्तुळ केलें. सुई तेथेंच फिरत राहिली, आणि आगगाडीच्या चाकांचा किंवा अशाच एखाद्या आवाजाचा तुकडा संगीताप्रमाणें आवर्तनांत येऊं लागला. पुढें चुंबकीय फितीचीं दोन टोकें चिकटवून तेंच काम होऊं लागलें. फीत जितकी लांब तितकें आवर्तन मोठें. त्यामुळें कधीं कधीं ती फीत खुर्च्यांच्या पाठींवरून फिरवून आणावी लागे.

त्यानंतर ध्वनीचें आंकड्यांत रूपांतर करण्याची विद्या आली, आणि फितीची जागा चिपांनीं घेतली. १९९० नंतरच्या दशकांत लेक्सिकन कंपनीच्या 'जॅममॅन' या यंत्रांत मुळांत अवघे ८ सेकंद मावत, आणि जादा चिपा घातल्यास ३२. त्याच काळच्या 'एकोप्लेक्स डिजिटल प्रो'मध्यें संगणकाच्या तीस पायांच्या स्मृतिपट्ट्या बसवून ही मर्यादा १९८ सेकंदांपर्यंत नेतां येई. जुळणाऱ्या स्मृतीचा शोध घेत वादकानें दुकानें धुंडाळण्याची प्रथा अशी तेव्हांपासूनची आहे. त्या पट्ट्यांत एक मोठी उणीव होती. वीज बंद केली कीं सारें पुसलें जाई. रात्रीं बांधलेलें आवर्तन सकाळीं नाहींसें.

ही उणीव दूर झाली ती फ्लॅश नांवाच्या स्मृतीमुळें. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं ही रचना विद्वानांपुढें मांडली. तिचें तत्त्व असें : सिलिकनच्या चिपेंत असंख्य अतिसूक्ष्म कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्याभोंवतीं विजेस अडविणाऱ्या द्रव्याचें कुंपण असतें. विद्युत्-भार या कुंपणापलीकडे ढकलला कीं वीज बंद केल्यावरहि तो आंतच कोंडलेला राहतो. भार आहे कीं नाहीं, यावरून एक किंवा शून्य वाचावयाचें. मौज अशी कीं, कप्पे लिहितां येतात थोडे थोडे, पण पुसावे लागतात मोठ्या गठ्ठ्यानें, एकदम. हें एकदम पुसणें छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखें आहे, म्हणून 'फ्लॅश' हें नांव. गठ्ठ्यानें पुसण्याचा हा स्वभाव आपण ध्यानांत ठेवूं. पुढें त्याच्याशीं गांठ पडणार आहे.

आतां थोडा हिशेब करूं, कारण कार्ड किती मोठें घ्यावें याचें उत्तर हिशेबांतच आहे. उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणांत ध्वनीचें माप एका सेकंदांत ४४,१०० वेळां घेतलें जातें, आणि प्रत्येक मापास दोन बाइट लागतात. म्हणजे एका सेकंदास ८८,२०० बाइट. डिजिटेक कंपनीनें 'जॅममॅन' हेंच जुनें नांव घेऊन २००५ सालीं एक लूपर बाजारांत आणला. त्याच्यासोबत १२८ मेगाबाइटचें कार्ड मिळे, आणि त्यावर २४ मिनिटांचें ध्वनिमुद्रण मावे असें सांगितलेलें होतें. १२ कोटि ८० लक्ष बाइटांस ८८,२०० नें भागा. साधारण १,४५१ सेकंद येतात, म्हणजे २४ मिनिटें. जाहिरातींतला आंकडा गणितास इतका सरळ उतरलेला पाहून समाधान वाटतें. त्याच यंत्राला जास्तींत जास्त २ गिगाबाइटचें कार्ड चाले, आणि त्यावर सहा तासांहून अधिक वादन राही.

परंतु त्या यंत्रांत आवर्तनें ठेवण्याच्या जागा होत्या ९९. एकेक आवर्तन अर्ध्या मिनिटाचें धरलें (आणि अर्धें मिनिट म्हणजे विलंबित लयीचेंहि एक बऱ्यापैकीं आवर्तन झालें), तरी ९९ आवर्तनांस सुमारें २६ कोटि २० लक्ष बाइट लागतात. म्हणजे ५१२ मेगाबाइटचें कार्डहि निम्में रिकामें राहील! 'मोठें कार्ड घ्या, पुढेंमागें उपयोगी पडेल' हा सल्ला दुकानदार सद्भावनेनेंच देत असेल. पण येथें तो गैरलागू आहे. इतकेंच नव्हे, तर मोठें कार्ड हेंच बहुधा दुखण्याचें मूळ असतें. कसें, तें आतां पाहूं.

गेल्या वर्षीं माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं हाच प्रश्न उभा राहिला. त्यांची कन्या व्हायोलिन वाजविते. तिनें २००५ सालचा तो लूपर वापरलेल्या स्थितींत विकत घेतला होता, आणि त्याच्या मूळच्या लहान कार्डावर तिच्या वृद्ध गुरुजींनीं निरनिराळ्या तालांचे लेहरे स्वतः वाजवून भरून दिले होते. पुढें गुरुजी वारले. कार्ड भरत आलें होतें, म्हणून मुलीनें ३२ गिगाबाइटचें नवें कोरें कार्ड आणलें. तें खांचेंत बरोबर बसलें. पण यंत्रानें त्याची ओळखच दिली नाहीं. दुकानदारास विचारतां त्यानें सांगितलें कीं, यंत्र आणि जुनें कार्ड दोन्ही एकदां 'फॉरमॅट' करून टाका, म्हणजे सारें सुरळीत होईल. फॉरमॅट करणें म्हणजे कार्डावरची खतावणी कोरी करणें. त्या एका कळीसरशीं गुरुजींचे लेहरे गेले असते, आणि ते पुन्हां वाजवून देणारा मनुष्य जगांत उरला नव्हता. सुदैवानें मुलीची आई हिशेबनिसाचें काम करणारी. 'जुन्या वहीची नक्कल झाल्यावांचून नवी वही उघडावयाची नाहीं' असें म्हणून तिनें हात धरला.

नवें कार्ड खांचेंत बसूनहि यंत्रास दिसेना, याचें कारण काय? यासाठीं कार्डाचीं तीन अंगें वेगळीं करून पाहावीं लागतात : त्याचा आकार, त्याची खतावणी आणि त्याचा वेग.

आकाराचें प्रकरण सोपें आहे. जुन्या लूपरांत 'कॉम्पॅक्टफ्लॅश' जातीचें कार्ड बसतें. सॅनडिस्क कंपनीनें १९९४ सालीं काढलेलें हें कार्ड ४३ मिलिमीटर रुंद व ३६ मिलिमीटर उंच असून त्याच्या कडेला ५० बारीक भोंकें असतात. त्याच्या दोन जाती आहेत, पहिली ३.३ मिलिमीटर जाड, दुसरी ५ मिलिमीटर. दुसरी जात पहिल्या जातीच्या खांचेंत शिरत नाहीं. नंतरच्या लूपरांत १९९९ सालीं ठरलेलें, त्याहून लहान व चपटें 'एस.डी.' कार्ड येऊं लागलें. जॅममॅनच्याच पुढील स्टिरिओ यंत्रांत तें आहे. त्याचेंहि नखाएवढें धाकटें भावंड म्हणजे मायक्रो-एस.डी. हें नखाएवढें कार्ड मोठ्या पाकिटांत घालून एस.डी.च्या खांचेंत बसवितां येतें, आणि तें पाकीट म्हणजे केवळ तारांची जोडणी असल्यामुळें त्यापासून सहसा अडचण येत नाहीं. याच्या उलट, एस.डी. कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खांचेंत बसविण्याचें जें पाकीट मिळतें, त्यांत स्वतंत्र दुभाषी चिप असते. कारण दोन्ही कार्डांची बोली अगदीं निराळी. हा दुभाषी एका यंत्राशीं नीट बोलतो आणि दुसऱ्याशीं अडखळतो. शिवाय अशीं पुष्कळ पाकिटें दुसऱ्या, म्हणजे जाड जातीचीं असतात. परत करण्याची बोली करूनच तें घ्यावें, असें मी म्हणेन.

दुसरें अंग खतावणीचें. कार्डावर ध्वनि ठेवला तरी तो कोठें ठेवला याची नोंद हवी. कार्डाची जागा सारख्या मापाच्या खणांत विभागलेली असते, आणि प्रत्येक खणास एक क्रमांक असतो. 'फॅट १६' नांवाची जी जुनी पद्धति आहे, तिच्यांत हा क्रमांक लिहावयास सोळाच घरें ठेविलेलीं आहेत. प्रत्येक घरांत एक किंवा शून्य. म्हणजे फार तर ६५,५३६ क्रमांक. खणाचें सर्वांत मोठें नेहमींचें माप ३२ किलोबाइट. दोहोंचा गुणाकार केला तर बरोबर २ गिगाबाइट येतात. अनेक जुन्या यंत्रांच्या माहिती-पुस्तिकांत '२ गिगाबाइटपर्यंत' हे शब्द जे पुन्हां पुन्हां भेटतात, त्यांचें मूळ बहुतेक येथें आहे. तो निर्मात्याचा लहरीपणा नसून चोपडीचीं पानें संपलेलीं असतात. पुढें 'फॅट ३२' आली, तिच्यांत क्रमांकास अधिक घरें मिळालीं. आणि त्यानंतर 'एक्स-फॅट'. ज्या यंत्रास फॅट १६ तेवढी वाचतां येते, त्याच्यापुढें एक्स-फॅटचें कार्ड ठेवणें म्हणजे केवळ बाळबोध जाणणाऱ्यापुढें मोडीचा कागद ठेवण्यासारखें आहे. कागद कोरा नाहीं. वाचणाऱ्यास तो लागत नाहीं, एवढेंच.

एस.डी. कार्डांत तर ही भानगड आणखी एक पायरी खालीं उतरते. २ गिगाबाइटपर्यंतचें साधें एस.डी. कार्ड आपल्या जागेचा पत्ता एकेक बाइट मोजून देतें. २००६ सालीं आलेलें 'एस.डी.एच.सी.' कार्ड, ज्याची व्याप्ति ४ ते ३२ गिगाबाइट असते, तें ५१२ बाइटांचा एकेक गठ्ठा मोजून पत्ता देतें. दोघांचा आकार एक, पट्ट्या सारख्या. परंतु एकानें घरांचे क्रमांक लिहिले आहेत आणि दुसऱ्यानें चाळींचे. जुन्या यंत्रानें नव्या कार्डास विचारलें तर गोंधळच होणार. म्हणून साध्या एस.डी.साठीं बांधलेलें यंत्र एस.डी.एच.सी. वाचूं शकत नाहीं. उलट नवें यंत्र जुनें कार्ड बहुधा वाचतें. पण येथेंहि अपवाद आहेत. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या '४५०००' या लूपरास ४ ते ३२ गिगाबाइटचीं एस.डी.एच.सी. कार्डेंच लागतात. २००९ सालीं जाहीर झालेलें 'एस.डी.एक्स.सी.' हें ३२ गिगाबाइटांच्या वरचें कार्ड. त्याची ठरलेली खतावणी एक्स-फॅटची. तें संगणकावर फॅट ३२ मध्यें उतरवून एस.डी.एच.सी.च्या यंत्रांत चालविल्याचीं उदाहरणें आहेत खरीं, पण निर्मात्यानें त्याची हमी घेतलेली नसते. आणि रंगमंचावर हमी नसलेली वस्तु घेऊन जाणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

कोणी चतुर श्रोता म्हणेल, मोठ्या कार्डाचा २ गिगाबाइटचा तुकडाच वेगळा पाडला तर? कॉम्पॅक्टफ्लॅशच्या बाबतींत ही युक्ति कधीं कधीं चालते. यंत्र पहिला तुकडा वाचतें आणि उरलेल्याकडे पाहत नाहीं. एस.डी.च्या बाबतींत मात्र ती चालत नाहीं. कारण तेथें अडचण जागेच्या विस्ताराची नसून पत्ता लिहिण्याच्या रीतीची आहे. चाळीचा एकच मजला ठेवला म्हणून तिचा क्रमांक घराचा होत नाहीं.

आतां तिसरें अंग, वेगाचें. येथें वाद्यवृंदाची खरी परीक्षा आहे, म्हणून येथें जरा रेंगाळूं.

कार्डाच्या पाकिटावर वेगाचे मोठमोठे आंकडे छापलेले असतात. कॉम्पॅक्टफ्लॅशवर '१३३ पट' असें लिहिलेलें दिसतें. हें पट म्हणजे संगणकाच्या पहिल्या तबकड्यांच्या वेगाचे, आणि तो वेग सेकंदास १५० किलोबाइट. म्हणजे १३३ पट हे सुमारें २० मेगाबाइट झाले, आणि तोहि पुष्कळदां वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा त्याहून कमी. एस.डी. कार्डावर इंग्रजी 'सी' अक्षराच्या कुशींत २, ४, ६ किंवा १० हा आंकडा असतो. तो मात्र सेकंदास निदान तितके मेगाबाइट सलग लिहिले जातील असें सांगतो. आतां लूपरची गरज पाहा. चार स्वतंत्र मार्ग आणि वर एक स्टिरिओ मिश्रण, म्हणजे एकंदर सहा मार्ग धरले तरी सेकंदास ५,२९,२०० बाइट. जेमतेम अर्धा मेगाबाइट! मग ४ आंकड्याचें कार्ड आठपट पुरावें. तरीहि वादकांची तक्रार असते कीं, अमुक कार्डावर आवर्तन मध्येंच अडखळतें. हें कसें?

उत्तर असें कीं, छापलेला वेग हा सरासरीचा असतो, आणि संगीत सरासरीवर चालत नाहीं. फ्लॅश स्मृति गठ्ठ्यानें पुसावी लागते, हें मघाशीं सांगितलें. लहानसा मजकूर बदलावयाचा झाला तरी कार्डाच्या आंतील कारभाऱ्यास कधीं कधीं एक अख्खा गठ्ठा दुसरीकडे उतरवून घ्यावा लागतो, जुना पुसावा लागतो, आणि मग नवें लिहावें लागतें. तोंवर तो यंत्रास 'थांबा' म्हणतो. एस.डी. कार्डांच्या नियमांनींच लिहितांना पाव सेकंदापर्यंत असें थांबविण्याची मुभा दिलेली आहे. पाव सेकंद म्हणजे काय? मिनिटास १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे पाव सेकंद ही अर्धी मात्रा झाली. छायाचित्र घेणाऱ्यास पाव सेकंद थांबावें लागलें तर त्याला पत्ताहि लागत नाहीं. लेहरेवाला अर्धी मात्रा थांबला तर तबलजी त्याच्याकडे वळून पाहील.

यंत्राचे निर्माते हें जाणतात, आणि त्यावर त्यांनीं केलेला उपाय आपल्या शहरवासीयांच्या रोजच्या परिचयाचा आहे. नळास पाणी ठराविक वेळींच येतें. म्हणून आपण गच्चीवर टांकी बांधतों, आणि मोरींतला नळ दिवसभर चालू राहतो. लूपरच्या आंतहि अशी एक लहान, जलद स्मृतीची टांकी असते. कार्ड थांबलें असतां ध्वनि टांकींतून वाहतो, आणि वाजविलेला ध्वनि टांकींत सांठतो. टांकी पाव सेकंदास पुरणारी असेल तर श्रोत्यास कांहींहि कळत नाहीं. परंतु एका वेळीं चार मार्ग वाजत असतील, पांचवा लिहिला जात असेल, आणि कार्ड जुनें, भरत आलेलें व तुकड्यातुकड्यांनीं लिहिलेलें असेल, तर एक विलंब संपतो न संपतो तोंच दुसरा येतो व टांकी रिकामी पडते. त्या क्षणीं आवर्तन अडखळतें. म्हणूनच निर्माते कार्डांची पसंत यादी देतात. त्या यादींतील कार्डें सर्वांत वेगवान असतात असें नव्हे; त्यांचा 'थांबा' तोकडा असतो, असें त्यांना प्रयोगानें आढळलेलें असतें. हा थांबण्याचा काळ बहुधा कोणत्याहि पाकिटावर छापीत नाहींत. ग्राहकाच्या दृष्टीनें हें मला मोठें वैगुण्य वाटतें. एकाच कंपनीच्या, एकाच नांवाच्या कार्डांतहि आंतील चिप मधूनमधून बदललेली असते. तेव्हां 'मित्राचें चाललें, माझें कां चालत नाहीं' या प्रश्नास पुष्कळदां हेंच उत्तर असतें.

याच कारणास्तव दोन संवयी लावून घ्याव्या. कार्ड संगणकावर न पुसतां, नक्कल करून झाल्यावर, लूपरच्या स्वतःच्या आज्ञेनें फॉरमॅट करावें. म्हणजे खणांचें माप यंत्रास हवें तसें पडतें. आणि कार्ड कांठोकांठ भरूं नये. कारभाऱ्यास हालचालीस जागा ठेवावी.

आतां त्या मुलीच्या घरीं काय केलें तें सांगतों. प्रथम जुनें कार्ड संगणकास जोडलें आणि त्यावरील सर्व कप्पे, त्यांचीं नांवें यत्किंचितहि न बदलतां, जसेच्या तसे उतरवून घेतले. नांवें न बदलणें फार महत्त्वाचें. कारण पुष्कळ लूपर आपले तुकडे ठराविक नांवाच्या कप्प्यांतच शोधतात, आणि आपण हौसेनें 'गुरुजी-झपताल' असें नांव दिलें तर त्यांना तें सांपडत नाहीं. ध्वनि साध्या 'वेव्ह' पद्धतीच्या फायलींत असल्यामुळें तो संगणकावर तेथेंच ऐकूनहि पाहतां आला. नक्कल खरी उतरली कीं नाहीं याची ऐकण्याइतकी दुसरी खात्री नाहीं. दुसरी एक नक्कल नातेवाइकांच्या घरीं ठेविली. मग २ गिगाबाइटच्या कॉम्पॅक्टफ्लॅशचा शोध सुरू झाला. मोठमोठ्या दुकानांतून एवढें लहान कार्ड मागणाऱ्याकडे करुणेनें पाहतात. शेवटीं मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, जेथें विजेच्या व संगणकाच्या सामानाचीं दुकानें ओळीनें आहेत, तेथें एका जुन्या छायाचित्र-यंत्राबरोबर आलेलें कार्ड मिळालें. यंत्रांत घालतांच तें ओळखलें गेलें. यंत्रानेंच त्यास फॉरमॅट केलें. वरून जुने कप्पे उतरविले, आणि झपतालाचा लेहरा पहिल्याच फेऱ्यास समेवर आला. मूळचें कार्ड त्यांनीं पुसलें नाहीं. तें कागदांत गुंडाळून कपाटांत ठेविलें आहे.

असें जुनें कार्ड विकत घेतांना एक फसवणूक संभवते, तिचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कार्डाची व्याप्ति किती, हें संगणकास कार्डांतला कारभारीच सांगतो. आणि कारभारी खोटें बोलेल अशी त्याची रचना करतां येते. आंत २ गिगाबाइटची चिप, वर ३२ चें लेबल, आणि विचारल्यास कारभारी सांगतो ३२. दोन गिगाबाइटपर्यंत सारें सुरळीत चालतें. पुढचें लिहिलेलें एकतर नाहींसें होतें किंवा आधींच्या मजकुरावर बसतें. आणि हें कळतें तेव्हां मैफल चालू असते. उपाय साधा आहे. नवें कार्ड आणल्यावर तें एकदां संपूर्ण भरून पुन्हां वाचून पाहावें. हें काम करणारे 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' व 'एफ-थ्री' असे दोन फुकट मिळणारे संगणक-कार्यक्रम आहेत. वेळ लागतो, पण रात्रीं लावून झोपलें तरी चालतें. तपासणींत १,९०० मेगाबाइटांच्या आसपास आंकडा दिसला म्हणून २ गिगाबाइटचें कार्ड नकली ठरवूं नये. निर्माते हजारांच्या पटीनें मोजतात आणि संगणक १,०२४ च्या पटीनें, त्यांतला तो फरक आहे.

कोंडलेला विद्युत्-भार वर्षानुवर्षें अतिमंद गतीनें झिरपत असतो, हेंहि लक्षांत असावें. कार्ड हें शिलालेख नव्हे. वर्षांतून एकदां तें संगणकास जोडून नक्कल ताजी करावी, आणि लेबलावर पेन्सिलीनें तीन गोष्टी लिहाव्या : कोणत्या यंत्रांत चालतें, कोणत्या खतावणींत आहे, आणि शेवटची नक्कल केव्हां घेतली. एस.डी. कार्ड असेल तर त्याच्या डाव्या कडेवरची इवलीशी सरकती खिट्टी खालीं ओढावी, म्हणजे बहुतेक यंत्रें त्यावर लिहीत नाहींत. ती खिट्टी कार्डाच्या आंत कांहींहि करीत नाहीं. खांचेस ती दिसते, आणि खांच ती मानते, इतकाच तिचा अधिकार. कॉम्पॅक्टफ्लॅशवर अशी खिट्टी नाहीं. तेथें पेन्सिलीच्या अक्षरांवरच भागवावें लागतें.